सगळ्यांना नवं जीवन मिळालं, मग माझंच काय चुकतंय? : ईस्टरनिमित्त वाचकांचे प्रश्न

ईस्टर जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूरच बदलतो. एरवी लोक विचारतात अमुक वचनाचा अर्थ काय, तमुक ठिकाणी असं का लिहिलंय, पण या दिवसांत फिरून फिरून एकच तक्रार येते, की सगळे आनंदात आहेत, सगळे बदललेत, मी मात्र होते तिथेच. म्हणून यावेळी तीच पत्रं घेतलीयेत. नावं काढलीत, मजकूर थोडा कापलाय. आणि मी काही पाळक नाही, धर्मशास्त्राची पदवी वगैरे नाही माझ्याकडे, वर्षानुवर्षं बायबल वाचत आलेली एक बाई आहे बस, तेव्हा पटेल तेवढं घ्या.

प्रश्न : मागच्या वर्षी आई गेली. तेव्हापासून चर्चला जाते पण आत काहीच हलत नाही. ईस्टरच्या सकाळी सगळे हालेलुया म्हणत होते, माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेजारच्या मावशी म्हणाल्या, अगं आज रडायचं नसतं, आज येशू उठला. मला इतकी लाज वाटली की गाणं संपायच्या आधीच बाहेर पडले. माझा विश्वास कमी पडतोय का?

अजिबात नाही. आणि त्या मावशींना एकदा योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय वाचायला द्या, माझ्याकडून.

खरं सांगू का, पहिला ईस्टर आनंदात झालाच नव्हता. सकाळी तरी नाहीच. मग्दालीया मरीया कबरेबाहेर उभी राहून रडत होती, देवदूत विचारतात बाई का रडतेस, मग खुद्द येशू येऊन तेच विचारतो, आणि तरी ती त्याला ओळखत नाही, तिला वाटतं हा माळी आहे. म्हणजे पुनरुत्थान समोर उभं आहे आणि डोळ्यांत पाणी असल्यामुळे दिसत नाहीये. तिला कुणी म्हटलं नाही की आज रडायचं नसतं. त्याने फक्त तिचं नाव घेतलं.

मार्कचं शुभवर्तमान तर अजून पुढे जातं. येशूची कहाणी सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत ते सगळ्यात आधी लिहिलं गेलं असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि त्याच्या सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत शेवट आहे तो सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीवर, जिथे बायका कबरेपासून पळत सुटतात, थरथरत, आणि घाबरल्यामुळे कुणाला काहीच सांगत नाहीत. संपलं. पुढच्या ओव्या नंतर जोडल्या गेल्या असं बरेच अभ्यासक म्हणतात. मला तो अर्धवट शेवट फार आवडतो, कारण त्यात कुणी आनंदाचं नाटक करत नाही.

आणि ते अम्माऊस गावाच्या रस्त्यावरचे दोघं शिष्य. यरुशलेमपासून अकराएक किलोमीटर, आणि ते यरुशलेम सोडून चाललेत, म्हणजे विषय संपला असं समजून घरी निघालेत. वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाला म्हणतात की आम्हाला आशा होती. होती! आणि ज्याला ते हे सांगतायत तो येशूच आहे. तो त्यांना नंतर चांगलं सुनावतो, मंदमती वगैरे म्हणतो, पण आधी विचारतो की काय झालं, आणि त्यांचं सगळं बोलून होईपर्यंत ऐकत चालतो. आपल्या चर्चमध्ये नेमका हाच क्रम उलटा होतो, आधी सुनावणं आणि ऐकायला मग कुणाला वेळच नसतो.

तुम्हाला अजून एक दाखवते. लाजराची, म्हणजे येशूच्या मेलेल्या मित्राची गोष्ट, योहान अकरा. येशूला माहीत आहे की आपण आता याला उठवणार आहोत, दोन मिनिटांचा प्रश्न आहे, आणि तरी तो रडतो. पुढे चांगलं होणार आहे हे माहीत असलं म्हणून आजचं दुःख खोटं ठरत नाही हे याहून सरळ कुठे लिहिलेलं असेल मला तरी माहीत नाही. तेव्हा आई देवाकडे आहे यावर तुमचा पूर्ण विश्वास असू शकतो आणि तिचा रिकामा पलंग बघून पोटात गोळाही येऊ शकतो. दोन्ही एकाच वेळी.

गाणं म्हणवत नसेल तर म्हणू नका. मागच्या बाकावर बसा, बाकीचे म्हणतायत ना, तेवढा वेळ ते तुमच्या वाटचं म्हणतील. घरी स्तोत्र ८८ वाचा, ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी सगळं ठीक झालं असं काही म्हणत नाही, तरी कुणी ते बायबलमधून काढून टाकलं नाही. आणि ईस्टर काही एका सकाळचा नाही, पेंटेकॉस्टपर्यंत ५० दिवसांचा काळ आहे तो, घाई कुणाला आहे.

फक्त एक विचारते, झोप, जेवण, रोजची कामं हे सगळं अजूनही विस्कटलेलंच असेल किंवा आपणही नसावं असं मनात येत असेल, तर ते कुणातरी जवळच्या माणसाला आजच सांगा आणि डॉक्टरकडे जा. त्याने विश्वास कमी होत नाही.

प्रश्न : मी बरीच वर्षं दारू प्यायचो. मागच्या ईस्टरच्या आदल्या रात्री प्रार्थनेला गेलो, तिथे काहीतरी झालं, तेव्हापासून थेंब घेतला नाही. पाळक म्हणतात देवाने तुझं सगळं पुसलं. पण बायको अजूनही पगार हातात ठेवू देत नाही, उशीर झाला की तोंडाचा वास घेते. मोठी मुलगी तर बोलतच नाही. देवाने माफ केलं आणि घरचे करत नाहीत, मग नवं जीवन कुठंय?

दादा, आधी मनापासून अभिनंदन, एक वर्ष म्हणजे खेळ नाही. आता थोडं कडू बोलणारेय.

देवाने माफ केलं हे तुम्ही बायकोला बिलासारखं दाखवताय असं वाटलं मला पत्र वाचून. माफी आणि भरवसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माफी एका रात्रीत मिळू शकते. भरवसा मात्र ज्या वेगाने गेला त्याहून कितीतरी हळू परत येतो, आणि तो देण्याचं काम तुमच्या बायकोचं आहे, देव तिच्या वतीने सही करत नाही.

पेत्राचं बघा, येशूचा जवळचा शिष्य. अटकेच्या रात्री अंगणात कोळशाचा विस्तव पेटलेला, तिथे शेकत उभा राहून त्याने तीनदा सांगितलं मी या माणसाला ओळखत नाही. पुनरुत्थानानंतर येशू समुद्रकिनारी भेटतो तिथे पुन्हा कोळशाचाच विस्तव असतो, वर मासे भाजत ठेवलेले. तो आधी जेवायला घालतो. मग तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला वाईट वाटतं, लिहिलंय तसं. लागलंच असणार, जितक्यांदा नाकारलं तितक्यांदा विचारलं. पण बघा, त्याने त्या रात्रीचा उल्लेखही केला नाही, आणि उल्लेख टाळून विषय गुंडाळलाही नाही. सरळ जखमेवर हात ठेवला आणि लगेच कामाला लावलं, माझी मेंढरं चार. माफी म्हणजे घडलं ते विसरून जाऊ या असं नसतं ते हे.

आणि त्याच्यापुढची गोष्ट, जी प्रवचनात सहसा येत नाही. पेत्र त्यानंतरही घसरला. अंत्युखिया शहरात तो यहुदी नसलेल्या बंधूंसोबत एका पंगतीला बसायचा, आणि यरुशलेमहून काही वजनदार मंडळी आली तशी घाबरून उठून वेगळा बसायला लागला. पौलाने त्याला तोंडावर सुनावलं, गलतीकरांच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात आहे. म्हणजे तीच जुनी भीती, लोक काय म्हणतील. पुनरुत्थान डोळ्यांनी बघितलेला माणूस, तरीही. मी हे तुम्हाला घाबरवायला नाही सांगत, उलट यासाठी सांगतेय की उद्या समजा एखादा वाईट दिवस आला, ग्लास उचललाच, तर सगळं खोटं होतं असं समजून पूर्ण बुडू नका. त्याच दिवशी कुणाला तरी फोन करा.

कुणाला, हा खरा प्रश्न. एकट्याच्या प्रार्थनेवर राहू नका. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही मंडळी १९३५ पासून हेच काम करतायत, अमेरिकेत ॲक्रन गावात दोन पिणाऱ्यांनीच एकमेकांना धरून सुरू केलेलं, आता जगभर बैठका असतात, फी नसते, धर्म विचारत नाहीत. त्यांच्या बारा पायऱ्यांमध्ये आठवी आणि नववी तुमच्यासाठीच आहे, ज्यांना आपण दुखावलं त्यांची यादी करायची आणि जिथे कुणाला अजून इजा होणार नाही तिथे भरपाई करायची. बायबलमध्ये हेच जक्कयाने केलं होतं, जकातदारांचा मुख्य होता तो, येशू घरी आला तर त्याने गाणी नाही म्हटली, हिशोब काढला, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत.

तर पगार बायकोच्या हातात राहू दे. तिने मागायच्या आधी तुम्हीच नेऊन द्या. वास घेते तर घेऊ दे, तोंड वाकडं न करता. मुलगी बोलत नाही तर तिच्यामागे देवाने मला कसं बदललं याची साक्ष देत फिरू नका, तिला काय काय सोसावं लागलं हे एकदा, ती तयार असेल तेव्हा, मध्ये न बोलता ऐका. मी बदललो हे वाक्य घरात वर्षभर तरी उच्चारू नका असं मी म्हणेन. त्यांना दिसेलच.

प्रश्न : वरवर सुखी दिसतो आम्ही. नवऱ्याने मागच्या ईस्टरला स्टेजवर साक्ष दिली, मी रागीट होतो प्रभूने मला शांत केलं, लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. घरी अजूनही हात उचलतो, फक्त आता नंतर गुडघे टेकून प्रार्थना करतो आणि मलाही करायला लावतो. मोठ्या लोकांना सांगितलं तर म्हणाले, ईस्टर क्षमेचा सण आहे ताई, सत्तर गुणिले सात. मी वाईट ख्रिस्ती आहे का?

नाही. आणि तुम्हाला ज्यांनी सत्तर गुणिले सात, म्हणजे तितक्या वेळा क्षमा कर, असं ऐकवलं त्यांनी ते वचन नको त्या माणसाला ऐकवलंय.

सगळ्यात आधी, तुम्ही आणि मुलं असतील तर ती, आज सुरक्षित आहात का? नसाल तर पत्राच्या उत्तराची वाट बघू नका, माहेरी किंवा मैत्रिणीकडे जा, महिला हेल्पलाइनला किंवा पोलिसांना फोन करा, मारल्याच्या खुणा असतील तर डॉक्टरला दाखवून नोंद करून घ्या. हे करणं म्हणजे क्षमा न करणं नव्हे. क्षमा करायची की नाही, कधी करायची, ते दूर बसून ठरवता येतं. मार खाताना ठरवायचं नसतं.

साक्षीचं म्हणाल तर बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाने ही मंडळी तेव्हाच ओळखली होती. लोक नदीवर गर्दी करून यायचे, तो म्हणाला पश्चात्तापाला शोभेल असं फळ द्या. लोकांनी विचारलं म्हणजे काय करू, तर त्याने एकालाही अनुभव सांग म्हटलं नाही. दोन अंगरखे असतील तर एक दे, जास्त जकात घेऊ नको, आणि शिपायांना म्हणाला लोकांवर जबरदस्ती करू नका. म्हणजे ज्याच्या हातात बळ आहे त्याने ते आवरणं, हा त्याच्या लेखी पश्चात्ताप.

जॉन न्यूटन माहीत असेल, कृपेवरचं ते जगभर गायलं जाणारं गीत लिहिणारा. मार्च १७४८ मध्ये समुद्रात वादळात जहाज बुडायला आलं तेव्हा त्याने देवाचा धावा केला आणि पुढे आयुष्यभर तो दिवस आपल्या बदलाचा दिवस म्हणून पाळला. छान. पण त्यानंतर हाच माणूस गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजांचा कप्तान झाला, १७५४ पर्यंत, आणि थांबला तो आजारपणामुळे. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध उघडपणे लिहिलं १७८८ साली. चाळीस वर्षं! त्या चाळीस वर्षांत त्याची प्रार्थना खोटी होती असं मी म्हणत नाही, पण जहाजाच्या तळाशी साखळदंडात पडलेल्या माणसांना त्याच्या प्रार्थनेचा काय उपयोग होता? तुमचा नवरा कदाचित खरंच रडत असेल गुडघ्यावर. तुम्ही त्याच्या तळघरात थांबून त्याच्या चाळीस वर्षांची वाट बघायची गरज नाही.

क्षमेबद्दल अजून एक, बायबलच्या उत्पत्ती पुस्तकात योसेफ त्याला विकून टाकणाऱ्या भावांना क्षमा करतो ती गोष्ट सगळ्यांना पाठ असते, पण त्याआधी तो त्यांना ओळख न देता पारखतो हे कुणी सांगत नाही. धाकट्या बन्यामिनाला अडकवून बघतो की हे पुन्हा एका भावाला टाकून निघून जातात का. यहूदा म्हणतो याच्याऐवजी मला गुलाम करून ठेवा, तेव्हा योसेफाला रडू फुटतं आणि तो ओळख देतो. आधी पारख केली त्याने, गळाभेट नंतर. कुणी त्याला अविश्वासू म्हणत नाही.

प्रश्न : ईस्टरची तारीख दरवर्षी का बदलते? ख्रिसमससारखी एकच का नाही?

कारण ती चंद्रावर चालते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी जी पौर्णिमा, तिच्या पुढचा रविवार, असा साधा हिशोब. येशूच्या मरणाची आणि उठण्याची घटना यहुद्यांच्या वल्हांडण सणाशी जोडलेली असल्यामुळे चंद्र आला. सगळ्यांनी एकाच रविवारी ईस्टर पाळायचा हे इ.स. ३२५ मध्ये नायसियाच्या परिषदेत ठरलं. त्यामुळे तारीख २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कुठेही पडते. ऑर्थोडॉक्स मंडळी जुन्या ज्युलियन कॅलेंडरवर हिशोब करतात म्हणून त्यांचा बहुतेक वेळा नंतर येतो, २०२५ मध्ये मात्र दोघांचा एकाच दिवशी आला होता, २० एप्रिलला. २०२७ ला पुन्हा फरक मोठा, २८ मार्च आणि २ मे.

प्रश्न : मी कॉलेजला आहे, सायन्स. घरी सगळे श्रद्धाळू. मला येशूची शिकवण आवडते पण मेलेला माणूस उठला हे डोक्यात बसत नाही. पप्पांना म्हटलं तर ते म्हणाले असं बोलणाऱ्याने ईस्टरला चर्चमध्ये पायच ठेवू नये. मी ढोंग करतोय का तिथे जाऊन?

पप्पांना मत्तय २८:१७ उघडून दाखव. नको, भांडण होईल, तू स्वतः वाच. उठलेल्या येशूसमोर अकरा शिष्य डोंगरावर उभे आहेत, त्यांनी त्याला नमन केलं, आणि लगेच पुढे लिहिलंय की काहींना मात्र संशय वाटला. समोर उभं राहून संशय! आणि त्या संशयवाल्यांना बाजूला काढलं नाही, पुढची आज्ञा सगळ्या अकरांना मिळून दिली. म्हणजे त्या डोंगरावर पाय ठेवायला परवानगी होती, तर चर्चमध्ये का नाही.

थोमा या शिष्याला लोक संशयी म्हणून उगाच बदनाम करतात. बाकीचे दहाजण काय वेगळे होते? बायकांनी येऊन सांगितलं तेव्हा त्यांना ती वायफळ बडबड वाटली, लूकने स्पष्ट लिहिलंय. थोमाने फक्त तोंडाने म्हटलं की खिळ्यांचे व्रण बघितल्याशिवाय मानणार नाही. आणि मग आठ दिवस तो त्यांच्यातच राहिला हे बघ, त्यांनी हाकललं नाही आणि तोही रुसून गेला नाही. येशू आला तो व्रण घेऊनच आला. मला यातलं सगळ्यात विचार करायला लावणारं वाटतं ते हे, की उठलेल्या शरीरावर जखमा तशाच आहेत. कुणी गोष्ट रचली असती तर चकचकीत, बिनडाग शरीर दिलं असतं ना.

आता तुझ्या सायन्सचं. हे प्रयोगशाळेत सिद्ध होणारं नाही, कुणी सिद्ध करून देतो म्हणाला तर सावध राहा. इतिहास म्हणून काय हातात आहे ते बघ. रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या काळात येशूला मृत्युदंड झाला हे रोमन इतिहासकार टॅसिटसनेही लिहिलंय, आणि त्याला ख्रिस्ती लोकांबद्दल काडीचं प्रेम नव्हतं. करिंथकरांस पहिल्या पत्रात पंधराव्या अध्यायात पौल यादी देतो की तो कुणाकुणाला दिसला, ते पत्र घटनेनंतर वीस-पंचवीस वर्षांत लिहिलेलं आहे, आणि पौल म्हणतो त्यातले बरेच अजून हयात आहेत. चारही शुभवर्तमानांत पहिली बातमी बायकांनाच मिळते, आणि त्या समाजात बाईच्या साक्षीला फारसं वजन नव्हतं, खोटं रचणाऱ्याने साक्षीदार म्हणून त्यांना निवडलं नसतं असं म्हणतात ते मला पटतं. दुसऱ्या बाजूने, चारही वर्णनं एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. किती बायका होत्या, देवदूत एक की दोन, हे वेगवेगळं आहे. ते लपवायचं कारण नाही. एवढ्यावरून शिष्यांना काहीतरी घडल्याची पक्की खात्री झाली होती इथपर्यंत बरेच लोक येतात, श्रद्धा नसलेले अभ्यासकसुद्धा. त्या पुढची उडी मात्र श्रद्धेचीच आहे, ती मी मारलीये, तू मारलीच पाहिजेस असं काही नाही.

ढोंग कधी होईल, तर मनात नसताना मोठ्याने मी मानतो म्हणालास तर. गप्प बसून ऐकलंस तर नाही. मानतो म्हणण्याचा भाग येईल तेव्हा ओठ मिटून उभा राहा, देवाला चालेल. पप्पांचं मात्र थोडं समजून घे, बहुतेक ते रागावलेले नाहीत, घाबरलेत, की पोरगं हातचं जातंय.

प्रश्न : मी जन्माने ख्रिस्ती नाही. आजारपणात हॉस्पिटलमध्ये कुणीतरी बायबलमधल्या नव्या कराराची प्रत ठेवून गेलं होतं, ती वाचत गेले आणि येशू मनात घर करून बसला. घरी चोरून वाचते. ओळखीच्या एक बाई म्हणतात ईस्टरला बाप्तिस्मा घेऊन टाका, उशीर करू नका, उद्याचा भरवसा नाही. मला इतक्यात काही ठरवता येत नाहीये आणि घरच्यांना दुखवायचंही नाहीये. काय करू?

ईस्टरला घेऊन टाका हे काही बरोबर नाही. गंमत म्हणजे ज्या जुन्या चर्चमध्ये ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा द्यायची पद्धत होती त्यांच्याकडे त्याआधी लोकांना शिकायला लावायचे, सुरुवातीच्या शतकांतल्या एका नियमावलीत तर तीन वर्षं सांगितलीयेत. आणि त्या काळात बघायचे काय, तर माणूस विधवांना मान देतो का, आजाऱ्यांना भेटतो का. तेव्हा तुमच्या ओळखीच्या बाईंपेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या शतकातले लोक कमी घाईत होते.

ऑगस्टीन घ्या. ३८६ साली मिलानमध्ये एका बागेत रडत बसलेला असताना त्याने रोमकरांस पत्र उघडलं आणि त्याचं मन फिरलं असं तो स्वतः सांगतो. बाप्तिस्मा झाला तो पुढच्या वर्षीच्या ईस्टरच्या रात्री, ३८७ मध्ये, बिशप अँब्रोजच्या हातून. मधले महिने तो एका खेड्यात मित्रांसोबत राहिला, वाचत आणि वाद घालत. आणि दहाएक वर्षांनी, बिशप झाल्यावर लिहिलेल्या आत्मकथनात तो कबूल करतो की जुन्या सवयी अजूनही स्वप्नात येतात.

पंडिता रमाबाईंचं तर आपल्या सगळ्यांना माहीत असायला हवं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. नंतर त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की पुढची आठएक वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता. इतकी विद्वान बाई, आणि हे लिहायला लाजली नाही. म्हणजे विधी आधी झाला आणि भेट नंतर. तुमच्या बाबतीत भेट आधी झालीये असं दिसतंय, मग दुसऱ्या गोष्टीची घाई कशाला. आणि लक्ष्मीबाई टिळक, नवऱ्याने १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळलं, वर्षानुवर्षं वेगळ्या राहिल्या, आणि १९०० साली स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. नवरा झाला म्हणून नाही. त्यांचं सगळ्यात मोठं परिवर्तन झालं ते शिवाशीव मनातून गेली तेव्हा, आणि ते बाप्तिस्म्याच्या आधीच झालं होतं.

तर मी सांगेन ते हे. चोरून वाचणं सोडा. घोषणा नको, पण कुणी विचारलं तर हो, वाचते, मला बरं वाटतं, एवढं सरळ सांगा. लपवलेलं सापडलं की लोकांना वाटतं कुणीतरी फूस लावतंय. घरच्यांच्या देवांबद्दल वाकडा शब्द काढू नका, आणि ज्या बाई तसा काढायला सांगतील त्यांच्यापासून लांब राहा. जो कुणी पैसे, नोकरी, बरं होण्याची गॅरंटी देऊन बोलावतो त्याच्यापासूनही लांब, तुम्ही आजारातून उठलेल्या आहात म्हणून मुद्दाम सांगते, औषधं बंद करायला लावणाऱ्याचं तर अजिबात ऐकू नका. लूक स्वतः वैद्य होता.

एखाद्या शांत चर्चमध्ये पवित्र सप्ताहात जाऊन बसा, कुणी हाकलत नाही. शक्य असेल तर शुक्रवारी जा, रविवारी तर सगळेच छान दिसतात. आणि वाचताय त्यात क्रम नसेल तर मार्कपासून सुरू करा, सोळाच अध्याय आहेत, एका दुपारी वाचून होतात, मग लूक. कुठे अडलं तर लिहा, पुढच्या अंकात जागा ठेवते.